झाकली मूठ

मूठ वळ, मी म्हणते.
हुशंग वळतो.
डाव्या कोपराशी काही नाही. उजव्याशीही.
मनगटावर टोचल्याच्या खुणांची काळपट रांग,
मुंग्या वारूळ सोडून गेल्यासारखी.
मी तिसऱ्यांदा चुकते, तेव्हा तोच म्हणतो,
थांबा खानम, ती आता अंगठ्यामागे राहते,
आणि सुई माझ्याच हातात ठेवून
माझा हात तिच्या दारापर्यंत नेऊन सोडतो.

केरमानशाह. इस्फंद महिना, वर्ष संपायला वीस दिवस.
खिडकीखाली जिगरवाला निखाऱ्यांवर वारा घालतोय.
सळईत ओवलेल्या मेंढीच्या यकृताचा धूर
जिन्याने वर येतो, मेथाडोनच्या रांगेत मिसळतो.
कुणी खोकतं. कुणाला भूक लागते.

दोन वर्षांपूर्वी याचं रक्त मीच घेतलं होतं.
पट्टीवर एकच रेघ उमटली.
एक रेघ म्हणजे नाही.
मी नाही लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला.
माझं अक्षर चांगलं आहे. शाळेपासून सगळे म्हणतात.

या हिवाळ्यात तेहरानहून अभ्यास करणारे आले
आणि उणे ऐंशीत झोपलेल्या जुन्या नळ्या उठवल्या.
पट्टी शोधते फक्त विषाणूचा अंगरखा.
अंगरखा खुंटीला लावून तो आतल्या खोलीत बसला असेल
तर उंबऱ्यातून हाक मारणाऱ्याला काय कळणार?
मशीन मात्र आत गेलं.
मोजकेच होते.
पण होते,
माझ्या शिक्क्याच्या तारखेलाही.

हेपटायटिस बी.
बी म्हणजे बीच की.
वर हिरवं दिसत नाही
एवढ्यावरून मातीची हमी मी कशी दिली?

हे त्याला सांगते, अंगरखा वगैरे वगळून.
तो साखरेचा खडा दातांत धरून चहा पितो,
खडा विरघळेपर्यंत बोलत नाही.
मग पाकिटातून कागद काढतो.
घड्यांवर विरलेला, कडेने चिकटपट्टी,
आत माझं वळणदार नाही.

हा दाखवायचो, तो म्हणतो.
मोनीरला दाखवला लग्नाआधी, तिच्या भावासमोर.
जमशीदला, पुलाखाली.
त्या सनंदजच्या पोराला, नाव कधी विचारलंच नाही.
सुई एकच असायची ना काही रात्री,
तेव्हा आधी कागद फिरायचा, मग सुई.
ज्याच्याकडे कागद
त्याची पाळी पहिली.

खाली जिगरवाल्याने सळई उलटवली, चर्रर्र.

कुणाला लागलं, कुणाला नाही,
मला माहीत नाही, मी म्हणते. माहीत नाही हे खरंच.
मोनीरला घेऊन ये. रक्त बघू, मग लस.
जमशीदला आण.
तो मान हलवतो. जमशीद शरद ऋतूत गेला.
कशाने, ते मी विचारत नाही. विचारायला हवं होतं.

त्याचा फोन वाजतो, आवाज बाहेर फुटणारा, स्वस्तातला.
जिगर, जेवलास का, आई विचारते.
आमच्याकडे आया मुलांना असंच म्हणतात,
यकृत आणि लाडकं, दोघांना मिळून एकच शब्द.
हो, तो म्हणतो. जेवलो. दवाखान्यात आलोय, सहज.
काय म्हणाले?
तो माझ्याकडे बघतो.
काही नाही, म्हणतो.

नव्या अर्जावर दोनच चौकोन, आहे आणि नाही.
मी समासात लिहायला घेते.
समास अपुरा पडतो, अक्षर बारीक होत जातं,
शेवटी मलाच वाचता येत नाही.

कापूस लाल झालाय. मूठ सोड आता, मी म्हणते.
झालं रक्त घेऊन.
तो सोडत नाही. आत तो कागद आहे,
आणि पुलाखाली अजूनही
सव्वा लाखाचा.